सुईच्या रिपोर्टवर दोन आजारांची नावं का?

वाचकाचं पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) ६६ वर्षांचे आहेत, एसटीतून निवृत्त. चार महिन्यांपासून मानेच्या उजव्या बाजूला दोन-तीन गाठी आहेत. दुखत नाहीत, ताप नाही, जेवण व्यवस्थित आहे. आधी अवधान (संसर्गाने सुजलेली गाठ) म्हणून अँटिबायोटिक झालं, मग टीबीची शंका आली म्हणून सुईची तपासणी केली. रिपोर्टमध्ये लिहिलंय : 'लहान, एकसारख्या लिम्फॉइड पेशी. नॉन-हॉजकिन लिम्फोमाची दाट शक्यता. स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा किंवा मँटल सेल लिम्फोमा. खात्रीसाठी पूर्ण गाठीची बायोप्सी व आयएचसी करावी.' सीबीसीत हिमोग्लोबिन १२.८, पांढऱ्या पेशी १४,२००, त्यात लिम्फोसाइट ६२ टक्के, प्लेटलेट १ लाख ९० हजार.

काका म्हणतात लॅबच बरोबर नाही, दुसरीकडे सुई लावू. आत्या म्हणते अशा गाठीला सुरी लावली की ती खवळते. गावातल्या डॉक्टरांनी गाठ उतरायला स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्यात, त्या अजून सुरू केल्या नाहीत. दोन्ही कॅन्सरच असतील तर नाव कुठलं का असेना, उपचार लगेच सुरू करू नयेत का? अण्णांना अजून काही सांगितलेलं नाही.
– एक मुलगी, तासगाव

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी त्या स्टेरॉइडच्या गोळ्यांचं बोलू, कारण त्या घरात पडून आहेत. तूर्त त्या अण्णांना देऊ नका. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरच्या, पेशी मरतात, गाठ काही दिवसांत खरोखर उतरते, घरात सगळ्यांना हायसं वाटतं आणि आजार तिथेच राहतो. नंतर गाठ काढली तर तिच्यात मेलेल्या पेशींचा चिखल सापडतो आणि नाव ठरवणं महिनोन् महिने लांबतं. गाठीमुळे श्वास अडकतोय अशा वेळी डॉक्टर स्टेरॉइड देतात, तो प्रसंग वेगळा. अण्णा जेवतायत, फिरतायत. त्यांना आज त्या गोळीची गरज नाही.

आता काकांचा राग. तुम्ही उतरवून पाठवलेला रिपोर्ट मी तीनदा वाचला. ज्या कुणी तो लिहिलाय त्यांनी नीट काम केलंय. जेवढं दिसलं तेवढं लिहिलं, जे दिसू शकत नाही तिथे थांबले आणि पुढे काय करायचं तेही सांगितलं. एकच नाव ठोकून दिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण मला काळजी वाटली असती. दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा तशीच सुई लावली, तशाच चार स्लाइड केल्या, तर पुन्हा हीच दोन नावं येतील. कदाचित तिसरंही जोडलं जाईल.

असं का होतं ते सांगते. सुईच्या तपासणीला वापरतात ती सुई २२ ते २५ गेजची, म्हणजे साध्या इंजेक्शनच्या सुईइतकी बारीक. ती गाठीत पुढेमागे फिरवली की काही थेंब येतात, ते काचेवर पसरतात, रंगवतात आणि आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. टीबी असेल तर तिथे बहुतेक वेळा ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींचे पुंजके, दिसतात, गळून गेलेला मऊ भाग दिसतो, वेगळा रंग दिला तर टीबीचे जंतूही सापडतात. आपल्याकडे मानेत गाठ आली की आधी टीबीचाच विचार करावा लागतो, म्हणून पहिली पायरी म्हणून सुई योग्यच होती. थायरॉइडच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरची पेशी मानेतल्या गाठीत आली असेल तर तीही सुईत सहसा ओळखू येते, कारण ती तिथली नसतेच, परकी असते.

लिम्फोमात मात्र परकं कुणी नसतं. गाठ लिम्फोसाइटचीच बनलेली आणि आजारही लिम्फोसाइटचाच. त्यातून तुमच्या रिपोर्टमधले दोन आजार लहान पेशींचे. मोठ्या पेशींचा लिम्फोमा काचेवर पाहताक्षणी खटकतो. लहान पेशींचा लिम्फोमा कधी कधी साध्या सुजलेल्या गाठीसारखाही दिसतो. त्यात सुईने पेशी सुट्या येतात, त्या गाठीत कशा रचलेल्या होत्या ते येत नाही. मूठभर ज्वारी हातात घेऊन जाणता शेतकरी वाणाचा अंदाज सांगेल, पण कणीस भरगच्च होतं की मोकळं, हे त्या दाण्यांवरून त्यालाही सांगता येणार नाही. लिम्फोमाची बरीचशी ओळख त्या कणसात असते.

तरी सुट्या पेशींतही बघण्यासारखं बरंच असतं. स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा, म्हणजे एसएलएल, याच्या पेशी लहान, गोल केंद्रकाच्या असतात आणि केंद्रकातलं द्रव्य गोळ्यागोळ्यांनी जमलेलं दिसतं. त्यांच्यात अधूनमधून थोड्या मोठ्या पेशी विखुरलेल्या असतात, त्यांच्या मध्यभागी ठळक ठिपका असतो. मँटल सेलमध्ये सगळं एकसुरी असतं : पेशी एकाच आकाराच्या, केंद्रकाच्या कडा किंचित खाचलेल्या, आणि त्या ठिपकेवाल्या मोठ्या पेशी गायब. पुस्तकात हा फरक स्वच्छ दिसतो. काचेवर रक्त मिसळलेलं असतं, स्लाइड वाळताना पेशी फुगतात, कडा जराशा बदलतात, आणि गोल कुठलं आणि खाचलेलं कुठलं यावर दोन अनुभवी माणसांचं मत वेगळं पडू शकतं. फॉलिक्युलर लिम्फोमा आणि मार्जिनल झोन लिम्फोमा हे आणखी दोन भाऊबंदही याच गर्दीत उभे असतात. नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर यांच्यातला निवाडा करू नये, असं माझं ठाम मत आहे.

निवाडा करतात ते मार्कर. प्रत्येक पेशीच्या अंगावर काही प्रथिनं असतात, त्यांना सीडी आणि पुढे क्रमांक अशी नावं आहेत. एसएलएल आणि मँटल सेल या दोघांच्याही पेशींवर सीडी५ असतं, म्हणून तर हे दोघे एकमेकांत इतके मिसळतात. फरक पुढे सुरू होतो. एसएलएलमध्ये सीडी२३ आणि सीडी२०० असतात, आणि सीडी२० असतं पण फिकं. मँटल सेलमध्ये सीडी२० ठसठशीत असतं, सीडी२३ आणि सीडी२०० बहुतेक वेळा नसतात. फॉलिक्युलरमध्ये सीडी५ नसतं, सीडी१० असतं. मार्जिनल झोनमध्ये सहसा दोन्ही नसतात, त्यामुळे त्याची ओळख बरीचशी इतरांना वगळून करावी लागते.

'बहुतेक वेळा' हे शब्द मी मुद्दाम वापरले. काही मँटल सेलमध्ये सीडी२३ दिसतं, काहींत सीडी५ दिसत नाही. एका मार्करवर कुणी निदान करत असेल तर थांबवावं. मँटल सेलची खरी खूण पेशीच्या आत असते. ११ आणि १४ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले जातात, त्यामुळे सायक्लिन डी१ बनवणारं जनुक भलत्याच, सतत चालू असलेल्या जागेशेजारी जाऊन बसतं. मग पेशी ते प्रथिन न थांबता बनवते आणि ते पेशीला विभाजनाकडे ढकलत राहतं. ही अदलाबदल फिश नावाच्या तपासणीत दिसते, आणि सायक्लिन डी१ हे आयएचसीत, म्हणजे तुकड्यावर प्रथिनाचा रंग चढवण्याच्या तपासणीत, केंद्रकात तपकिरी उमटतं. थोड्या मँटल सेलमध्ये सायक्लिन डी१ नसतं, तिथे सॉक्स११ हा मार्कर कामी येतो. उलट बाजूने, एसएलएलच्या काही भागांत सायक्लिन डी१ फिकं उमटू शकतं. तेव्हा हेही एकेकटं वाचायचं नसतं.

मँटल सेल लिम्फोमा हे नाव सर्वमान्य झालं १९९२ साली. त्याआधी हाच आजार युरोपात एका नावाने, अमेरिकेत दुसऱ्या नावाने ओळखला जायचा आणि काही रुग्ण सरळ इतर लहान पेशींच्या लिम्फोमात मोजले जायचे. सायक्लिन डी१ हाती आल्यावर तो नीट वेगळा काढता आला. त्या काळात नुसत्या दिसण्यावर किती जणांचं निदान चुकीच्या खान्यात पडलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आज साधन हातात असताना ते न वापरणं मला पटत नाही.

आता तुमच्या पत्रातली जी गोष्ट बहुधा कुणी उचलून धरली नाही, तिच्याकडे येते : सीबीसी. पांढऱ्या पेशी १४,२००, त्यात ६२ टक्के लिम्फोसाइट. गुणाकार करा, सुमारे ८,८०० लिम्फोसाइट होतात. मोठ्या माणसात हा आकडा साधारण ४,००० च्या आत असतो. म्हणजे गाठीतल्याच पेशी रक्तातही फिरत असण्याची बरीच शक्यता आहे. तसं असेल तर आजाराचं नाव ठरवायचा पहिला प्रयत्न गाठीला हात न लावता, हातातून काढलेल्या रक्तावर करता येईल.

या तपासणीला फ्लो सायटोमेट्री म्हणतात. सीबीसीसाठी वापरतात त्याच जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडं रक्त घेतात. पेशींना वेगवेगळ्या मार्करचे चमकणारे रंग लावतात, लेझरसमोरून एकेक पेशी सोडतात आणि हजारो पेशींवर काय आहे, काय नाही, ते यंत्र मोजतं. त्यातच कॅपा आणि लॅम्डा बघतात, म्हणजे बी लिम्फोसाइटवरच्या अँटिबॉडीचे दोन प्रकार. बी ही लिम्फोसाइटची एक जात, हे दोन्ही आजार तिचेच. निरोगी बी लिम्फोसाइटमध्ये काही कॅपावाल्या, काही लॅम्डावाल्या असतात, साधारण दोनास एक. सगळ्या एकाच प्रकारच्या निघाल्या तर त्या एकाच पेशीची पिलावळ आहेत, साध्या संसर्गाने वाढलेल्या नाहीत, हे कळतं. याच रक्तावर ११ आणि १४ च्या अदलाबदलीसाठी फिशही करता येते. नमुना ताजा लागतो, पेशी जिवंत असाव्या लागतात, म्हणून रक्त घ्यायच्या आधीच लॅबला फोन करून ते कधी पोचणार ते ठरवा. शनिवारी दुपारी घेतलेलं रक्त सोमवारपर्यंत कुठे पडून राहू नये.

रक्तात एसएलएलच्याच पेशी निघाल्या आणि अशा एकाच जातीच्या बी लिम्फोसाइट ५,००० च्या वर तीन महिने राहिल्या, तर त्याच आजाराला क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, सीएलएल, म्हणतात. आजार एकच, मुख्यतः गाठीत दिसला तर एसएलएल, रक्तात दिसला तर सीएलएल. 'ल्युकेमिया' ऐकून घरात हंबरडा फुटतो, म्हणून आधीच सांगून ठेवते. हा लहान मुलांत दिसतो तो झपाट्याने वाढणारा ल्युकेमिया नव्हे. आणि सीएलएलचं निदान रक्ताच्या फ्लोवर स्पष्ट झालं, तर नुसतं नाव ठरवायला गाठ काढणं बहुधा लागत नाही.

रक्तात मँटल सेलकडे बोट गेलं, किंवा रक्तात काहीच ठरलं नाही, तर मात्र गाठीची बायोप्सी करायची आणि ती टाळायची नाही. मँटल सेलमध्ये नाव कळलं तरी काम संपत नाही. त्या पेशी किती वेगाने वाढतायत ते केआय-६७ या मार्करने बघतात, ३० टक्क्यांच्या वर असेल तर आजार जोरकस समजतात. पी५३ हे पेशीच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन बिघडलंय का, पेशी ब्लास्टॉइड नावाच्या आक्रमक रूपात गेल्यात का, हे नीट कळायला मोठा तुकडा हवा. सीएलएलमध्येही एखादी गाठ अचानक भराभर वाढू लागली, रक्तातलं एलडीएच (पेशी मोडल्या की वाढणारं एन्झाइम) चढलं, ताप येऊ लागला, तर ती गाठ काढून बघावीच लागते, कारण तो आजार कधी कधी मोठ्या पेशींच्या लिम्फोमात बदलतो.

तुमचा मुख्य प्रश्न : दोन्ही कॅन्सर, मग नावाने काय फरक पडतो? ताई, जमीन-अस्मानाचा पडतो. अण्णांना सीएलएल निघाला आणि हिमोग्लोबिन, प्लेटलेट आजच्यासारखेच राहिले, तर डॉक्टर बहुधा म्हणतील, आत्ता औषध नको, दर काही महिन्यांनी तपासू. हे ऐकून अनेक घरं दुसऱ्या, तिसऱ्या डॉक्टरकडे धाव घेतात, आम्हाला वाऱ्यावर सोडलं म्हणतात. तसं नसतं. या आजारात त्रास नसताना सुरुवातीलाच औषध दिल्याने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, औषधाचा त्रास मात्र लगेच सुरू होतो. काही जणांना वर्षानुवर्षं औषध लागत नाही. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट आजारामुळे घसरायला लागले, गाठी फार मोठ्या झाल्या, सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांनी उतरलं, रात्री अंथरूण भिजेल असा घाम सुटू लागला, तेव्हा उपचार सुरू करतात. तेव्हाही आधी १७ क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा आणि टीपी५३ (पी५३ बनवणारं) जनुक तपासतात, कारण तिथे बिघाड असेल तर जुनी केमोथेरपी नीट चालत नाही आणि इब्रुटिनिब, अकॅलाब्रुटिनिब किंवा व्हेनेटोक्लॅक्स यांसारख्या गोळ्यांकडे वळावं लागतं.

मँटल सेलचं वेगळं. त्यातही संथ चालणारा एक प्रकार आहे, गाठी फारशा नसतात, रक्तात आणि प्लीहेत आजार असतो, आणि त्याला काही काळ नुसतं लक्ष ठेवून सांभाळता येतं. पण बहुसंख्य रुग्णांना उपचार लवकर लागतात. हा आजार आतड्यातही शिरतो, अस्थिमज्जेतही असतो. उपचाराची आखणी वय, प्रकृती, केआय-६७ आणि टीपी५३ बघून होते. दोन्ही आजारांत काही औषधं सारखी आहेत हे खरं, पण ती कधी, कशासोबत आणि किती काळ द्यायची हे सारखं नाही. आणि दोन्हीकडे एक गोष्ट मात्र विसरू नये : रिटुक्सिमॅब, म्हणजे सीडी२० वर नेम धरणारं औषध, देण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी. जुना, दबलेला संसर्ग या औषधाने उसळतो आणि यकृताला जीवघेणा ठरू शकतो.

म्हणून 'लिम्फोमा आहे ना, मग करा सुरू' हे वाक्य मला घाबरवतं. ज्याला औषध नको त्याला ते मिळतं, ज्याला ताबडतोब हवं त्याला चुकीचं मिळतं.

आत्यांना सांगा, गाठ काढल्याने लिम्फोमा पसरत नाही. त्यांची भीती मी लाखो घरांत असणारी समजते, आणि ती कुठून येते तेही कळतं. उशिरा गाठ काढलेला कुणी तरी माणूस पाहिलेला असतो, तो पुढे खालावलेला असतो, आणि सुरीवर दोष येतो. लिम्फोसाइट या मुळातच रक्तातून, लसीकावाहिन्यांतून देहभर फिरणाऱ्या पेशी. अण्णांच्या रक्तातल्या आकड्यावरून तर त्या सुरीची वाट बघत बसल्या नाहीत हे दिसतंच आहे. लिम्फोमाचा उपचार सर्व शरीराचाच करायचा असतो, एका गाठीपुरता नसतो.

बायोप्सी करायची ठरली तर ती एकदाच, पण नीट व्हावी. या भागात घाई करू नका, कारण सर्वात जास्त नमुने याच पायरीवर वाया जातात.

शक्य असेल तर अख्खी गाठ काढणं उत्तम. ते अवघड असेल तर जाड सुईने, १६ किंवा १८ गेजच्या, तीन-चार लांब तुकडे घेतात, त्याला कोअर बायोप्सी म्हणतात. ही सुई आधीच्या सुईपेक्षा वेगळी, हिच्यात रचना थोडी तरी राहते. सोनोग्राफीने बघून सर्वात मोठी, बदललेली दिसणारी गाठ निवडावी. जांघेतल्या गाठी पायांवरच्या जुन्या जखमांनी सुजलेल्या असू शकतात, म्हणून पर्याय असेल तर मानेची बरी. मानेच्या मागच्या भागात खांदा उचलणारी नस वरवरून जाते. गाठी नेमक्या तिथे असतील तर अशा शस्त्रक्रियेची सवय असलेल्या सर्जनकडेच जा, आणि ही नस कशी सांभाळणार हे बिनदिक्कत विचारा. अण्णा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर आधी सांगा, मनाने बंद करू नका.

काढलेली गाठ आपल्याकडे बऱ्याचदा नातेवाइकांच्याच हातात बाटलीत मिळते, लॅबमध्ये नेऊन द्या म्हणून. त्या बाटलीकडे लक्ष द्या. सर्जनला आधीच विचारून ठेवा की गाठीचा छोटा तुकडा फ्लोसाठी ताजा, आरपीएमआय नावाच्या द्रावात किंवा लॅब सांगेल त्या द्रावात वेगळा ठेवता येईल का. फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवायच्या नेहमीच्या द्रावात, पेशी मरतात, मग फ्लो होत नाही. उरलेली गाठ फॉर्मेलिनमध्ये, रुंद तोंडाच्या बाटलीत, गाठीच्या दहापट तरी द्राव. गाठ मोठी असेल तर ती कापून ठेवायला हवी, नाहीतर बाहेरचा थर टिकतो आणि आतला कुजतो. गाठ कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून किंवा नुसत्या सलाइनमध्ये रात्रभर ठेवू नये. बाटलीवर अण्णांचं पूर्ण नाव, तारीख आणि गाठ कुठली ते, झाकणावर नव्हे, बाटलीच्या अंगावर. सोबतच्या कागदावर सुईचा रिपोर्ट, सीबीसी, आणि आधी कुठली औषधं झाली ते लिहा. आमच्या टेबलावर 'मानेची गाठ' एवढ्याच दोन शब्दांनिशी बाटली येते तेव्हा आम्ही अर्धे आंधळे असतो.

आधीच्या सुईच्या स्लाइड टाकून देऊ नका. लॅबमध्ये जाऊन विचारा की त्यांनी सेल ब्लॉक केला होता का. सुईतला उरलेला द्रव गोळा करून मेणात बसवला की त्यावर सायक्लिन डी१ सारखे मार्कर लावता येतात. ब्लॉक नसेल तरी जुन्या स्लाइडवर फिश करणं काही ठिकाणी जमतं. सुईच्या तपासणीला कमी लेखू नका, असं काकांनाही सांगा. योग्य मार्कर आणि फ्लो सोबत असेल तर सुईवरही बऱ्याचदा प्रकार ठरतो. लसीकाग्रंथींच्या सुई-तपासणीची सिडनी पद्धत २०२० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एल१ ते एल५ अशा पायऱ्या आहेत : एल१ म्हणजे नमुना अपुरा, एल२ साधी गाठ, एल३ नक्की न सांगता येणारी, एल४ संशयास्पद, एल५ कॅन्सर. नेमका प्रकार सांगणं ही त्यात दुसरी पातळी आहे, मार्करसारख्या जादा तपासण्यांच्या आधाराने. अण्णांची पहिली पातळी झाली आहे, दुसरी बाकी आहे.

आयएचसीचा रिपोर्ट आला आणि मनात शंका राहिली, तर अण्णांना घेऊन मुंबईला पळण्याआधी ब्लॉक आणि स्लाइड पाठवून दुसरं मत घेता येतं. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी बाहेरून आलेल्या स्लाइड-ब्लॉकची पुनर्तपासणी नेहमी होते. लिम्फोमा रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या नजरेखालून एकदा तो ब्लॉक जावा, असं मी प्रत्येक लिम्फोमाच्या रुग्णाला सांगते. खर्चासाठी, ज्या रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू आहे तिथल्या आरोग्यमित्राला उपचार सुरू व्हायच्या आधी भेटा. बायोप्सीचा रिपोर्ट आणि कागदपत्रं आधीच तयार असली तर मंजुरीत वेळ जात नाही.

आता अण्णांचं. त्यांना सांगा. तीस-पस्तीस वर्षं गर्दीच्या गाड्यांत माणसं ओळखण्यात गेलेल्या माणसाला, घरात कुजबुज चाललीय हे कळत नसेल असं मला वाटत नाही. बायोप्सीच्या संमतीपत्रावर सही त्यांची लागणार, उद्या डॉक्टर 'लक्ष ठेवू' म्हणाले तर घाम, वजन, ताप हे सांगायचंही त्यांनाच. सगळं एकदम सांगायला नको. 'गाठीत रक्ताच्या पेशींचा आजार दिसतोय, त्याचे संथ आणि जलद असे प्रकार असतात, तुमचा कुठला ते ठरवायचंय, त्यासाठी रक्त द्यायचंय' एवढं पहिल्या दिवशी पुरे. आजच्या घडीला खरंही तेवढंच आहे. ते पुढे विचारतील तेवढं उत्तर द्या, विचारणार नाहीत तिथे थांबा.

हे सगळं मी तुमच्या पत्रावरून लिहितेय, अण्णांना तपासलेलं नाही आणि स्लाइडही पाहिलेल्या नाहीत. तेव्हा या आठवड्यात हेमॅटोलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) किंवा कॅन्सरतज्ज्ञाला भेटा आणि पहिला प्रश्न हा विचारा : लिम्फोसाइट ८,८०० आहेत, बायोप्सीआधी किंवा सोबत रक्ताची फ्लो सायटोमेट्री करायची का? ताप, भराभर वाढणारी गाठ, चेहऱ्यावर सूज, धाप किंवा अंगावर लाल-जांभळे डाग दिसले तर आठवड्याचीही वाट बघू नका.

फ्लोचा रिपोर्ट आला की त्यातल्या या ओळी मला जशाच्या तशा पाठवा : सीडी५, सीडी१०, सीडी२०, सीडी२३, सीडी२००, कॅपा-लॅम्डा, आणि सीडी२० समोर 'फिकं' लिहिलंय की 'ठळक'. अण्णांचं नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून पाठवा.